आवणीतला पाऊस आणि वाहतं नाक

राजूर, भंडारदरा, घाटघर या पट्ट्यात आवणीच्या दिवसांत कुणाला भिजू नको म्हणणं म्हणजे भात लावू नको म्हणणं. पाठीवर इरलं असो की प्लास्टिकचा कागद, पाय दिवसभर चिखलातच असतात. मग नाक वाहू लागलं की पावसाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. माझा आक्षेप इथेच आहे. सर्दी माणसाकडून माणसाला लागते, आणि पावसावर बोट ठेवलं की शेजारी शिंकत झोपलेल्याकडे लक्षच जात नाही. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीला 1946 पासून चार दशकांहून अधिक काळ केवळ सर्दीचा अभ्यास करणारं केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं करून पाहिलं. नुसत्या गारठ्याने कुणाला सर्दी झाली नाही. नाकात विषाणू सोडले तेव्हा झाली. सर्दीच्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे यंदा होऊन गेली म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं, आणि लसही नाही.

यावर कुणीही विचारील, की मग पावसाळ्यातच घरोघर सर्दी का? कारण जूनमध्ये शाळा उघडतात, आश्रमशाळेतली मुलं एका खोलीत दाटीने झोपतात, घरांची दारं-खिडक्या बंद होतात आणि चुलीचा धूर आतच कोंडतो. तरी गारठ्याला अगदीच निर्दोष सोडू नये. 2005 मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी 90 जणांना पाय गार पाण्यात बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. पाय कोरडे ठेवलेल्या 90 जणांत असे 5 निघाले. आधीच नाकात शिरलेला विषाणू गारठ्याने जोर धरत असावा, असा अर्थ मी लावतो. म्हणजे ओले कपडे लगेच बदलणारी आजी चुकत नाही. पण त्याच आजीने एका पदराने तीन नातवंडांची नाकं पुसली, तर कोरड्या कपड्यांचा फारसा उपयोग उरत नाही. साबणाने हात धुणं, रुमाल वेगळा ठेवणं, दिवसा खिडकी उघडी टाकणं, यांत खर्च काहीच नाही.

उपचारांबाबत मला सर्वांत जास्त भीती सुईच्या आग्रहाची वाटते. सुई घेतली आणि उतार पडला, हा अनुभव खोटा नसतो, पण सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआपच ओसरते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणूनही ते लागत नाही. विश्रांती, गरम पेज, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि ताप असेल तर वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल एवढं पुरतं. मध खोकल्याला बरा, मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये. खोकल्याचं औषध लहानग्यांना पाजणं किती महागात पडू शकतं, ते 2025 मध्ये छिंदवाड्यात दिसलं. तिथे विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या औषधाने मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं.

घरी थांबा म्हणणं हा निष्काळजीपणा नाही का? नजर ठेवली नाही तर आहेच, कारण साध्या सर्दीमागे न्यूमोनिया असू शकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू घटले. 1990 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ही मोजणी कोणत्याही आईला जमेल. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, किंवा मूल अंगावर प्यायचं थांबलं, तर काढा चुलीवर तसाच सोडून राजूरचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. रात्र असेल तर 108 ला फोन करावा.