सारंगखेड्यात घोडा घेताना

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात यात्रा भरते आणि यात्रेसोबत घोडेबाजार. मारवाडी, काठेवाडी, नुकरे, सगळे एकाच आवारात बघायला मिळतात. पण पहिलाच घोडा घेणार असाल तर बाजारातल्या देखण्या घोड्यापेक्षा ओळखीच्या मालकाच्या दारचा, रोज नजरेखालून गेलेला घोडा केव्हाही बरा. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळू शकतो. तो सांभाळणं मात्र नवख्याचं काम नाही.

तरी बाजारातूनच घ्यायचा, तर काम ठरवून या. वरातीत नाचणारा वेगळा, रपेटीचा वेगळा. नवशिक्याने सात ते बारा वर्षांचं, शिकवलेलं, शांत जनावर बघावं. शिंगराच्या मोहात पडू नये.

पहिला दिवस नुसता बघण्याचा. पंचकल्याण, देवमण, भोवरे या अंगावरच्या खुणांवर दलाल तासभर बोलतील आणि भावही त्यावरच चढवतील. शुभ-अशुभ मानणं ज्याचं त्याच्यापाशी, पण भोवऱ्यामुळे घोडा लंगडत नाही. आधी पाय बघा.

आवडलेल्या घोड्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे, न सांगता जा. छातीवर आणि खोगिराच्या जागी हात ठेवा. घाम लागला, तर तुम्ही यायच्या आत त्याला पळवून आखडलेपणा घालवला असण्याची शक्यता आहे. चारही पायांवरून हात फिरवा. एखादी टाप बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिथेच थांबा. मग कडक जमिनीवर, दोरी सैल सोडून, सरळ रेषेत दुलकी चालीने पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. दोरी आवळून धरली की हे दिसत नाही, आणि मऊ वाळूत थोडं लंगडणं लपून जातं.

वय दातांवरून बघा. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच वर्षांपासून पडू लागतात आणि पाचव्या वर्षी सगळे पक्के येतात. त्यापुढचं वय अंदाजानेच. ‘सात वर्षांचा’ म्हणून दाखवलेल्याचे दात लांब आणि पुढे तिरपे असतील तर तो वयाने बराच मोठा आहे. वरच्या दातांची कड झिजलेली दिसली तर दावणीला दात टेकवून हवा गिळण्याची खोड असू शकते.

स्वारी आधी मालकाने करून दाखवावी, मगच तुम्ही बसा.

पशुवैद्य आपला न्या, विकणाऱ्याचा नको. ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा दाखला बघितल्याशिवाय विसार देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. पावतीवर रंग, खुणा, उंची, वय लिहून घ्या. दलाली कोण देणार तेही आधीच बोला.

निघताना घोडा रोज काय खातो ते विचारा आणि त्याच चाऱ्याच्या चार पेंढ्या सोबत घ्या. खाणं एकदम बदललं तर पोटशूळ उठतो, आणि त्याने चांगला घोडाही दगावतो.