आकाशाचे दप्तर आणि त्याची वाचनविद्या

आपला आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. त्या काळचा एखादा महसुली कागद आज मराठी घराच्या पेटीत सापडला, तर कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा मिळत नाही, असा प्रसंग येऊ शकतो. विद्यार्थी मित्रांनो, रेडिओ दुर्बिणींनी लिहून ठेवलेल्या आकाशाच्या दप्तराचीही हीच गत होऊ शकते. म्हणून ते दप्तर कसे असते व वाचण्यास काय लागते, ते येथे पाहू.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. १४ तबकड्या मध्यभागी व उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. ही दुर्बीण छायाचित्र काढीत नाही. कोणत्याही दोन तबकड्यांची एक जोडी धरली, तर ३० × २९ ÷ २ म्हणजे ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे आकडे, दर काही सेकंदांनी, शेकडो कंप्रतांसाठी नोंदले जातात. ह्या आकड्यांचा अवाढव्य तक्ता हेच मूळ निरीक्षण होय. चित्र मागाहून गणिताने तयार होते.

हा तक्ता प्रथम दुर्बिणीच्या स्वतःच्या पद्धतीने साठविला जातो. पुढे तो ‘फिट्स’ नावाच्या सर्वमान्य रचनेत आणतात. ‘फिट्स’ची रचना १९८१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिची गोष्ट आम्हांस मोठी मनोरम वाटते. फाइलीच्या आरंभी साध्या अक्षरांत मजकूर असतो. त्याची प्रत्येक ओळ नेमकी ८० अक्षरांची असते, कारण जुन्या संगणकांच्या छिद्रांकित कार्डावर तेवढीच अक्षरे मावत! अशा ३६ ओळींचा, म्हणजे २८८० अक्षरांचा, एक खंड होतो. ह्या मजकुरात प्रत्येक स्तंभाचे नाव, त्यातील संख्येचा प्रकार आणि एकक सांगितलेले असते. एकक सुटले तर अनर्थच! रेडिओ तेजस्विता ‘जान्स्की’मध्ये मोजतात, मिलिजान्स्कीला जान्स्की समजले, तर तारकापुंज हजारपट तेजस्वी ठरेल.

ह्या रचनेचा एक दंडक आहे: नियमांत पुढे कितीही भर पडली, तरी जुनी शुद्ध फाइल अशुद्ध ठरता कामा नये. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे.

आता साधनसामग्री. मूळ निरीक्षणावर काम करण्यासाठी ‘कासा’ ही आज्ञावली वापरतात. तिला लिनक्स किंवा मॅकओएस प्रणाली, भरपूर स्मृती आणि मोठी तबकडी लागते. ‘कासा’तील तक्ता ही एक फाइल नसून पूर्ण फोल्डर असते. मुख्य तक्त्याबरोबर तबकड्यांचा, आकाशातील क्षेत्रांचा, कंप्रतांचा असे उपतक्ते त्यात असतात. नकल करताना त्यातील एखादी फाइल मागे राहिली, तर सगळेच मुके होण्याची भीती.

तयार सूची वाचावयाची असल्यास मात्र एवढा खटाटोप नको. जावा असलेल्या साध्या संगणकावर ‘टॉपकॅट’ चालते. पायथन भाषा येत असल्यास ‘ॲस्ट्रोपाय’ पुरते. दोन्ही विनामूल्य आहेत आणि शाळेच्या संगणकावरही चालू शकतात.

जुने दप्तर वाचता आल्याचा लाभ किती, ह्याचे उत्तर खोडदनेच दिले आहे. २०१० ते २०१२ या काळात तेथे १५० मेगाहर्ट्झला बहुतेक आकाशाची पाहणी झाली. पुढे ह्यूब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच निरीक्षणे ‘स्पॅम’ ह्या आज्ञावलीने पुन्हा पारखली, आणि २०१७ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध झाली. त्यासाठी दुर्बीण पुन्हा आकाशाकडे वळवावी लागली नाही. ती सूची आज कोणालाही खुली आहे; ‘टॉपकॅट’मध्ये उघडावी, प्रथम स्तंभांची नावे व एकके पाहावीत आणि मग आकड्यांकडे वळावे.