आधी दोष पकडा, मग पाना उचला

जुनी गाडी साफ बंद पडली तर एकवेळ परवडतं, दोष सापडतो. अधूनमधून मिसिंग मारणारी गाडी मात्र मालकाचा खिसा रिकामा करते आणि मेकॅनिकलाही चकवते.

माझ्याकडे १९६६ ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने ही गाडी १९६१ पासून बनवली. ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार हिच्याच चासीवरून बेतलेली, त्यामुळे पुढचं सगळं त्या गाडीवाल्यांनाही लागू पडेल. कात्रजच्या जुन्या घाटात निम्मा अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन गचका खायचं आणि लगेच सावरायचं. स्वारगेटच्या सिग्नलला उभी असताना काही तक्रार नाही. पाय पूर्ण दाबला, तर उलट गाडी सुरळीत पळायची.

गॅरेजमध्ये पहिला संशय कार्बोरेटरवर गेला. जेट साफ झाले, मग पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम बदलला, मग कॉइल आणि कंडेन्सर. गचका कायम राहिलाच, वर नव्या कंडेन्सरने वेगळं दुखणं आणलं: इंजिन तापलं की ते बंदच पडू लागलं. एका दोषाचे दोन झाले. म्हणून सांगतो, एका वेळी एकच वस्तू बदला आणि काढलेला चालू पार्ट फेकू नका. नव्या डबीतला पार्ट चांगला असेलच असं नाही.

दोष पेट्रोलचा की करंटचा, हे आधी ठरवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू दम सोडते आणि हळूहळूच सावरते. करंट तुटला तर बटण दाबल्यासारखी झटक्यात मरते. पेट्रोलचा संशय असेल तर लांब पल्ल्यानंतर टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा जोरदार आवाज आला तर झाकणाचं छिद्र बुजलंय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात आणि त्यांचे कण जेटमध्ये अडकतात, तेव्हा इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्या.

माझ्या गाडीत मात्र झटका करंटचा होता. तो नेमका निम्म्या अ‍ॅक्सिलरेटरलाच का, यातच उत्तर होतं. डेल्कोतली, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमने ओढली जाते. आयडलिंगला ती ओढ नसते, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला ती कमी होते. मधल्या टप्प्यात ती सर्वांत जास्त. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं आणि घाट चढलो, तर गचका गायब!

मग डेल्कोची कॅप काढली, व्हॅक्यूमला स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढलं. प्लेट सरकली आणि तिच्याबरोबर अर्थची बोटभर वायर ताणली गेली. वरचं आवरण शाबूत होतं. चिमट्याने हलवली तेव्हा आतली तार तुटलेली कळली. नुसतं आवरण तिला धरून होतं. मल्टिमीटर लावून प्लेट हलवली की काटा उडायचा. तिथे घरातल्या वायरिंगची जाड तार लावू नका, ती वाकून वाकून लवकरच तुटते. बारीक तारांची, मऊ वायरच हवी. ती नाना पेठेत किरकोळ पैशांत मिळाली.

तुमची गाडी गचके खात असेल तर गॅरेजला नेण्याआधी वहीत लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, चढ होता की सपाटी, पाय किती दाबलेला होता, टाकीत पेट्रोल किती होतं. ही वही मेकॅनिकसमोर ठेवा आणि ती वाचून झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू देऊ नका.