नंदीचा उतार

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांनी हा किताब लहानपणी वर्तमानपत्रात वाचलेला असतो. सायकलवाल्याची कर्तबगारी चढावर ठरते, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसतं. नोकरीसाठी बंगळुरात आल्यावर बोरघाटाची जागा नंदीच्या डोंगराने घेतली. इथे रोड बाईक विकत घेणारा प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात विचारतो, ‘नंदी कधी करायची?’ ‘करायची’ म्हणजे चढायची. उतरायचं कसं, हे कोणी विचारत नाही आणि बहुतेक गटांत कोणी सांगतही नाही. एक अपघात जवळून बघितल्यापासून मी नव्या मंडळींना घेऊन जाते तेव्हा चढाबद्दल थोडं आणि उताराबद्दल पुष्कळ बोलते.

नंदीदुर्ग शहराच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर, चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात आहे. हेब्बाळ, येलहंका, देवनहळ्ळी करत पहाटेच्या अंधारात निघायचं आणि उजाडता उजाडता पायथा गाठायचा, हा इथला शिरस्ता. बंगळूर मुळातच नऊशे मीटरवर वसलेलं, नंदीचा माथा 1478 मीटर. पायथ्यापासूनचा घाट सात-आठ किलोमीटरचा. सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास, पण शेवटचा टप्पा चांगलाच अंगावर येतो. टिपू सुलतानाचा हा किल्ला 1791 साली कॉर्नवॉलिसच्या इंग्रज फौजेने घेतला, तेव्हा तोफा वर नेण्यासाठी आधी वाट तयार करावी लागली होती. आताचा रस्ता डांबरी आहे, म्हणून डोंगराचा उभेपणा कमी झालेला नाही.

त्या अपघाताच्या दिवशी आमच्यात कोल्हापूरकडचा एक मुलगा होता. पंचविशीचा, पायांत भरपूर ताकद. चढावर तो सगळ्यांच्या आधी वर पोहोचला. पावसाळा सरत आला होता, रस्ता ओलसर होता, म्हणून उतरताना त्याने जपून जायचं ठरवलं. जपून म्हणजे त्याच्या हिशेबाने दोन्ही ब्रेक हलकेच दाबून धरायचे आणि ते दाबलेलेच ठेवायचे. त्याची सायकल रिम ब्रेकची होती, म्हणजे ब्रेकचे पॅड थेट चाकाच्या रिमवर दाबले जाणारी. मी त्याच्या मागे काही अंतरावर होते. अर्ध्याहून अधिक घाट उतरून झाला होता. एका डाव्या वळणाच्या तोंडाशी गोळी सुटावी तसा आवाज आला, पुढचं चाक आडवं गेलं आणि तो डाव्या खांद्यावर आपटला. गळपट्टीचं हाड मोडलं, मांडी सोलवटून निघाली. हेल्मेटला कानापासून माथ्यापर्यंत तडा गेला होता. डोकं मात्र शाबूत होतं. सायकल रस्त्यातून उचलायला मी पुढच्या चाकाला हात लावला आणि चटका बसून बोटं झटकन मागे आली. रिम तापली होती. टायर एका बाजूने रिमवरून निसटला होता आणि ट्यूब वीतभर चिरली होती.

माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरा आणि उतार 400 मीटरचा. एवढं वजन तेवढं खाली येताना साधारण तीन लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाणी उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते. वेगाने उतरलात तर त्यातला मोठा वाटा वाऱ्याचा रोध खाऊन टाकतो. हळूहळू, सतत ब्रेक दाबून उतरलात तर वारा फारसं काही घेत नाही, जवळजवळ सगळी उष्णता रिम आणि पॅडवर येते. आतली हवा तापते, दाब वाढतो आणि ट्यूब फुटते. मुलगा बेफिकीर नव्हता, उलट काळजी घेत होता. त्याला काळजी कशी घ्यायची ते कोणी शिकवलं नव्हतं, आणि याचंच मला वाईट वाटतं.

तर ब्रेक टप्प्याटप्प्याने लावायचा. वळण दिसलं की सरळ रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग हवा तेवढा खाली आणायचा, मग बोटं सैल सोडून वळण घ्यायचं. मधल्या सरळ तुकड्यावर रिमला वारा लागू द्यायचा. वळणाच्या पोटात, सायकल कललेली असताना ब्रेक दाबला, विशेषतः पुढचा आणि तोही ओल्यात, की चाक घसरलंच म्हणून समजा. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, मागचा फार तर साथ देतो. पण पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे, हे प्रत्येक सायकलवर सारखं नसतं. मित्राची किंवा भाड्याची सायकल घेतली असेल तर घाट सुरू होण्याआधी सपाटीवर दाबून बघा. डिस्क ब्रेकवाल्यांना ट्यूब फुटण्याची धास्ती नसते, पण सतत दाबून धरलेली डिस्कही तापते आणि पकड सोडते.

वेगाचं गणित सगळ्यांनी पाठ करून ठेवावं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी 30 ने जाताना जो खड्डा चुकवता येतो, तो 60 ने जाताना दिसेपर्यंत चाकाखाली आलेला असतो.

हात खालच्या दांडीवर, म्हणजे ड्रॉप्सवर ठेवा. तिथून ब्रेकची तरफ पुरी मिळते आणि शरीराचं वजन खाली राहतं. नवखी माणसं भीतीने वरच हात ठेवतात, मग उतार संपेस्तोवर त्यांची बोटं बधिर होतात. बायकांना आणि लहान हातांच्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. बऱ्याच ब्रेक लिव्हरना आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर दांडीच्या जवळ येते. पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानदार आपणहून करून देत नाही. माझी बोटं लिव्हरपर्यंत धड पोहोचत नव्हती तोवर प्रत्येक उतारावर माझे हात दुखायचे आणि मी ते दुबळेपणाचं लक्षण समजत होते.

वळणात बाहेरचा पाय खाली, त्यावर भार, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. जिथे बघाल तिथे सायकल जाते. कठड्याकडे बघितलंत तर कठड्यावर जाल.

नंदीची स्वतःची काही दुखणी आहेत. ढगात असलेला घाट आणि ओले पांढरे पट्टे हे जोडीने येतात, आणि त्या पट्ट्यांवर टायर साबणासारखा सरकतो. पावसाळ्यात माती आणि खडी रस्त्यावर उतरते. 2021 च्या ऑगस्टमध्ये तर दरड कोसळून रस्ताच बंद पडला होता. शनिवार-रविवारी सूर्योदय बघायला शेकडो गाड्या वर येतात आणि ऊन चढलं की एकदम खाली सुटतात. त्यातल्या कित्येक चालकांना घाट उतरायचा सराव नसतो, वळणावर ते सर्रास आपल्या बाजूला येतात. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडचा नियम आहे, पण तो पाळला जाईल या भरवशावर वळण घेऊ नका. जमत असेल तर नंदी आठवड्याच्या मधल्या वारी करा. रविवारीच जावं लागलं तर गर्दी निघायच्या आत खाली या, नाहीतर ओसरेपर्यंत वर थांबा.

थंडीही विसरू नका. चढताना घामाने निथळलेलं अंग उतारावर पाच मिनिटांत काकडतं आणि गारठलेल्या बोटांना ब्रेक कळत नाही. पातळ विंडचीटर खिशात मावतो. तोही नसेल तर वर्तमानपत्राचा कागद जर्सीच्या आत छातीवर घाला. युरोपातले शर्यतवाले वर्षानुवर्षं तेच करत आले.

त्या शर्यतवाल्यांनाही उतार सोडत नाही. 1995 च्या टूर द फ्रान्समध्ये ऑलिंपिक विजेता फाबियो कासार्तेल्ली पिरेनीजमधल्या एका घाटाच्या उतारावर पडून गेला. 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बुला घाटात पडून जिनो मेडर गेला. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटची सक्ती 2003 साली आली, तीही आंद्रेई किविलेव हा स्वार पडून गेल्यानंतर. ही माणसं आयुष्यभर सायकलच चालवत होती. आपण आठवड्यातून एकदा चालवणारे, आपण हेल्मेटचा पट्टा सैल ठेवून ‘एवढ्या उतारात काय होतंय’ म्हणू नये.

कोणी पडलंच तर आधी जखमीकडे धावू नका. एकाने वरच्या वळणाच्या पलीकडे जाऊन खाली येणारी वाहनं थांबवावीत, कारण दुसरा अपघात तिथूनच येतो. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर त्याला हलवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. 108 किंवा 112 वर फोन करा आणि जवळची खूण सांगा. आमच्या मदतीला थांबलेला एक टेम्पोवाला ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून आधी बिचकत होता. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही आणि त्याला नाव-गाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे तुम्हाला माहीत असेल तर बिचकणाऱ्याला दोन वाक्यांत धीर देता येतो. आम्ही तसाच दिला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तो माणूस टेम्पो आडवा लावून वाहनं अडवत उभा राहिला.

मुलाचं हाड जुळलं आहे. तो पुन्हा सायकलवर बसतो. आमच्या गटात त्या दिवसापासून नंदीला जाण्याआधी सपाटीवर ब्रेकचा तास होतो, आणि हा तास प्रत्येक गटाने घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर एवढं तरी करा: निघण्याच्या आदल्या रात्री ब्रेकचे पॅड उजेडात धरून बघा, आणि त्यावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर ते बदलल्याशिवाय घाटाकडे निघू नका.