तीन मिनिटांची तबकडी
गाणी ऐकत अभ्यास होतो का, असे तुम्ही विचारता. पाठांतराच्या वेळी गाणे नकोच. शब्दांत शब्द मिसळतात. पण गाणे निरर्थकही नाही. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी दुकानात अब्दुल करीम खाँ यांची ठुमरी ऐकली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची! तेवढ्याने ओढ लागली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, मुलगा गुरूच्या शोधात निघाला. (घर सोडणे मात्र अनुकरणीय नाही!) ग्वाल्हेर, जालंधर फिरून गुरू मिळाले ते घराजवळ, कुंदगोळला: सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य. पुढे मात्र वर्षानुवर्षे रियाजच करावा लागला. २००८ साली भारतरत्न जाहीर झाले. गावात खंजिरी भजन असेल तेव्हा पुस्तक मिटून नीट ऐका, मग पुन्हा अभ्यासाला बसा.