बिग सरची सहल: कुठे गाडीमागे, कुठे दरडोई

मुलांकडे आलेल्या आई-बाबांना हायवे वनचा समुद्र दाखवायचा, हे बे एरियातल्या मराठी घरांत ठरलेलंच असतं. निघताना प्रश्नही ठरलेला: चौघांचे किती होतील? मॉन्टेरेचं मत्स्यालय धरलं तर तीनशे डॉलरच्या वर, वगळलं तर पन्नासच्या आसपास. एवढा फरक पडतो, कारण मत्स्यालयात पैसे दरडोई द्यावे लागतात आणि बाकी बहुतेक ठिकाणी गाडीमागे.

आधी मत्स्यालय. मोठ्या माणसाचं तिकीट ६५ डॉलरच्या घरात. पाच वर्षांखालची मुलं फुकट. तारीख ठरवून तिकिटं ऑनलाइन काढा आणि पार्किंगचे वेगळे पैसे हाताशी ठेवा. २८ फूट उंच टाकीतलं केल्प या समुद्री शेवाळाचं जंगल आणि समुद्री ऊदमांजरं बघण्यासारखी आहेत यात वाद नाही. पण अर्धा दिवस देणार असाल तरच हे पैसे वसूल होतात. बिग सरला जाता जाता तासभर डोकावायचं असेल तर जाऊच नका. ऊदमांजरं नशिबात असली तर पुढे वाटेत लागणाऱ्या पॉइंट लोबोस या राज्य उद्यानाच्या खाडीतही पोहताना दिसतात.

सतरा मैलांचा प्रसिद्ध रस्ता म्हणजे सेव्हन्टीन माइल ड्राइव्ह खासगी आहे आणि गाडीमागे साधारण १२ डॉलर घेतो. तिथला एकांडा सायप्रस वृक्ष फोटोत छान येतो. मात्र मॉन्टेरे सायप्रसची नैसर्गिक राई जगात दोनच ठिकाणी उरली आहे: एक या रस्त्यावर, दुसरी कार्मेलच्या दक्षिणेला पॉइंट लोबोसमध्ये. तिथे गाडीला १० डॉलर, आत कितीही माणसं असोत. गाडीत कुणी ६२ किंवा त्याहून मोठं असेल तर एक डॉलर कमी. आजोबांना ओळखपत्र बरोबर घ्यायला सांगा. दोन्हींतलं एकच करायचं असेल तर मी डोळे मिटून पॉइंट लोबोस निवडीन. मात्र सकाळी आठला दार उघडताच पोचा, कारण आतल्या पार्किंगच्या जागा फार थोड्या आहेत.

तिथली पावती फेकू नका. त्याच दिवशी ती पुढच्या फायफर बिग सर आणि ज्युलिया फायफर बर्न्स या राज्य उद्यानांतही चालते. मॅकवे धबधबा या दुसऱ्या उद्यानात आहे. जांभळट वाळूचा फायफर बीच मात्र या दोन्हींहून वेगळा. नावसाधर्म्याने भलेभले फसतात. ती जागा राज्याच्या अखत्यारीत नाही, तिथे गाडीला वेगळे १५ डॉलर पडतात आणि रस्ता अरुंद.

पासांचाही असाच घोळ. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास राज्य उद्यानांत चालत नाही. ज्येष्ठांचा स्वस्त राष्ट्रीय पास नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो. पर्यटक व्हिसावरच्या आई-बाबांना नाही. खरी बचत गावच्या लायब्ररीत आहे. लायब्ररी कार्डावर राज्य उद्यानांचा पास पुस्तकासारखा घरी नेता येतो आणि गाडीचं प्रवेशशुल्क वाचतं. कुठली उद्यानं चालतात ती यादी तपासा आणि नंबर लवकर लावा; रांग मोठी असते.

फुकटात काय? बिक्सबी पूल, पॅसिफिक ग्रोव्हचा किनारा आणि असिलोमारची वाळू.

पेट्रोलचा हिशेब सॅन होजेहून करते. मॅकवेपर्यंत जाऊन-येऊन सव्वादोनशे मैल. गॅलनला तीस मैल देणारी गाडी आणि पाच डॉलरचा भाव धरला तर ३८ डॉलर. टाकी कार्मेललाच भरा, बिग सरमध्ये भाव अंगावर येतो. खाण्याचंही तसंच, म्हणून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात हव्यातच.

या रस्त्यावर दरडी वरचेवर कोसळतात आणि तो महिनोन्‌महिने बंद राहतो. निघायच्या सकाळी कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते खात्याच्या नकाशावर रस्ता पाहून घ्या. फोनला बिग सरमध्ये बहुतेक ठिकाणी रेंज नसते.