आजार कुठे होतो ते पाहिलं, की तो का होतो ते कळतं
आरोग्य पाठ : जीबीएस



जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात या आजाराची साथ आली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. ग्रामसंघाच्या बैठकांत दोन प्रश्न हमखास येतात : "ताई, हा एकाचा दुसऱ्याला लागतो का?" आणि "मग पुण्यातच एवढे पेशंट कसे निघाले?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे : नाही, जीबीएस शिवल्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र आपला आजचा पाठ आहे.

शरीरात काय होतं?

खुरपणी करताना तण पिकासारखंच दिसत असेल तर घाईत पीकही कापलं जातं. इथे तसंच होतं. जुलाब किंवा सर्दी-तापाचे जंतू शरीरात शिरतात. आपली रोगप्रतिकारशक्ती त्यांच्याशी लढते. पण काही जंतूंचं वरचं आवरण आपल्या नसांसारखं असतं. मग ती शक्ती चुकून नसांवरच हल्ला करते. जुलाब झालेल्या प्रत्येकीला हे होत नाही, फार थोड्यांना होतं. जगभरात वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण एक-दोन जणांना हा आजार होतो.

कुठे, कसा?

हा आजार सगळीकडे सारखा नाही. युरोप-अमेरिकेत बहुतेक रुग्णांत नसेवरचं आवरण खराब होतं, जसं वायरवरचं प्लास्टिक निघावं. उत्तर चीन आणि बांगलादेशात मात्र आतली तारच दुखावते, असा प्रकार जास्त दिसतो. १९९० च्या सुमारास उत्तर चीनमध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं, की उन्हाळ्यात खेड्यांतली मुलं अचानक लुळी पडतायत. त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू असल्याचं पुढे आलं. हा जंतू दूषित पाणी, कच्चं दूध आणि अर्धवट शिजलेली कोंबडी यातून पोटात जातो.

ब्राझीलमध्ये २०१५-१६ ला झिका ताप पसरला, तेव्हा जीबीएसही वाढला. तिथे मूळ होतं डास. पेरू देशात रुग्ण एवढे वाढले, की जुलै २०२३ मध्ये देशभर आरोग्य आणीबाणी लावावी लागली.

आता पुणे बघा. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले, काही जण दगावले. पण रुग्ण शहरभर सारखे विखुरलेले नव्हते. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गर्दी होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. काही ठिकाणचं पाणी पिण्यालायक नसल्याचंही आढळलं. म्हणजे एकाच भागात रुग्ण वाढले, की आधी विचारायचं : इथले लोक पाणी कुठलं पितात?

पाण्यावर आपली नजर

- टाकीत टीसीएल पावडर पडते का, जलसुरक्षकाला विचारा. पावडर कोरड्या जागी, झाकून ठेवलेली हवी. उघडी राहिली की तिचा जोर जातो.
- ओटी टेस्ट गावातल्या शेवटच्या नळावर करायला लावा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर नाही.
- पाणी तपासणी किटचं प्रशिक्षण गावातल्या पाच महिलांना मिळतं. त्या कोण, हे बैठकीत विचारा. जंतू तपासणीची बाटली काळी पडली तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोच घ्या.
- शंका असेल तर पाणी खळखळ उकळून, झाकून थंड करा. दूध उकळूनच प्या. चिकन पूर्ण शिजवा, त्याची सुरी वेगळी ठेवा.

लक्षणं ओळखा

लकव्यात बहुतेक वेळा शरीराची एक बाजू जाते. जीबीएसमध्ये दोन्ही पायांना मुंग्या येतात, पाय लटपटतात, उकिडवं बसलं की उठवत नाही. मग कमजोरी वर चढते : हात, चेहरा, गिळणं, शेवटी श्वास. बऱ्याचदा आधीच्या एक ते तीन आठवड्यांत जुलाब किंवा ताप होऊन गेलेला असतो.

अशा वेळी "वारं गेलं" म्हणून तेल चोळत दोन दिवस घालवू नका. श्वासाचे स्नायू गळाले तर व्हेंटिलेटर लागतो, आणि तो गावात नसतो. १०८ ला फोन करा, जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं, हे दोन उपचार आहेत. ते पहिल्या दोन आठवड्यांत मिळाले तर जास्त उपयोगी पडतात. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा स्वतःच्या पायांनी चालतात.

उपचार महाग आहेत, पण दागिने गहाण टाकण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जीबीएस बसतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. पंधरा वर्षांखालचं मूल अचानक लुळं पडलं तर आशाताईला त्याच दिवशी सांगा. पोलिओ तपासणीसाठी त्याची नोंद व्हावीच लागते.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावच्या पाण्याला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय?
२. गेल्या महिन्यात जुलाबाचे रुग्ण कोणत्या वस्तीत जास्त होते? तिथली पाइपलाइन गटारीतून जाते का?
३. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कुणाची, आणि गटातून तातडीचं कर्ज किती मिळेल? आजच ठरवून इतिवृत्तात लिहा.